सिलिकॉन कार्बाइडचं बाष्पीभवन: माल कोणता घ्यायचा आणि थर दर वेळी वेगळा का येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. ई-बीम गन (इलेक्ट्रॉनांच्या झोताने पदार्थ तापवून त्याची वाफ करणारं साधन) वापरून निर्वात चेंबरमध्ये काचेवर आणि सिलिकॉन वेफरवर सिलिकॉन कार्बाइडचा सुमारे २०० नॅनोमीटर जाडीचा थर द्यायचा आहे. ९९.५ टक्के शुद्धतेचे ३ ते ६ मिमीचे तुकडे मागवले. पहिल्या रनला (थर देण्याच्या एका फेरीला) थर पिवळसर-तपकिरी आला, पुढच्या काही रनमध्ये तो काळपट होत गेला. अपवर्तनांक कधी २ च्या खाली, तर कधी ३ च्या वर. मग ९९.९९९ टक्क्यांचा माल घेतला तर हे थांबेल का, आणि क्रूसिबल, म्हणजे माल ठेवायचं भांडं, कोणतं वापरावं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. शुद्धतेच्या आकड्यात आणखी नऊ जोडून हे थांबणार नाही. तुम्हाला दिसतोय तो फरक मालातल्या अशुद्धीमुळे कमी आणि या पदार्थाच्या स्वभावामुळे जास्त आहे. सिलिकॉन कार्बाइड ज्या रूपात क्रूसिबलमध्ये असतं, त्या रूपात त्याची वाफ होत नाही. हे एकदा पक्कं ध्यानात आलं की माल कसा निवडायचा, बीम कसा चालवायचा आणि मुळात बाष्पीभवनाच्या वाटेला जायचं की नाही, हे सगळं त्यातूनच उलगडत जातं.

कापूर तापवला की कापूरच उडतो आणि थंड जागी पुन्हा कापूरच बसतो. सिलिकॉन कार्बाइडचं तसं नाही. साध्या दाबाखाली ते वितळत नाही. सुमारे २,८३० °से.ला त्याची फोड होऊन कार्बन विरघळलेला सिलिकॉनचा द्रव आणि घन ग्राफाइट असे दोन भाग होतात. निर्वातात इतकं वर जावंही लागत नाही, घन अवस्थेतूनच वाफ निघायला लागते. त्या वाफेत काय असतं हे १९५८ मध्ये द्रोवार, दे मारिया आणि इनग्रम यांनी मास स्पेक्ट्रोमीटर लावून तपासलं. मुख्यतः सुटे सिलिकॉन अणू, आणि त्यांच्यामागे दोन सिलिकॉन-एक कार्बन व एक सिलिकॉन-दोन कार्बन असे तीन अणूंचे रेणू. एकास एक असा जोड, म्हणजे आपल्याला थरात हवा असलेला सिलिकॉन कार्बाइड, वाफेत नगण्य असतो.

याचं मूळ दोन मूलद्रव्यांच्या बाष्पदाबात आहे. शुद्ध सिलिकॉनचा बाष्पदाब दहाचा उणे ४ घात टॉरपर्यंत (टॉर हे दाबाचं एकक) जायला साधारण १,३४० °से. पुरतात. कार्बनला तेवढ्यासाठी २,१०० °से.च्या वर जावं लागतं. कार्बाइडमध्ये बांधलेला सिलिकॉन शुद्ध सिलिकॉनइतका सहज सुटत नाही हे खरं, पण कार्बनच्या तुलनेत तो पुष्कळ आधी सुटतो. मागे उरतो कार्बन.

ग्राफीन वाढवणारे संशोधक नेमक्या याच गोष्टीचा फायदा घेतात. अतिनिर्वातात सिलिकॉन कार्बाइडचा स्फटिक १,२०० °से.च्या पुढे तापवला की पृष्ठभागावरचा सिलिकॉन निघून जातो आणि कार्बनची जाळी उरते. ग्राफीनचा एक पदर बनायला सिलिकॉन-कार्बनच्या साधारण तीन दुहेरी पदरांना सिलिकॉन गमवावा लागतो. त्यांना जे हवं असतं, तेच आपल्या क्रूसिबलमध्ये नको असताना घडतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पुढच्या रननंतर चेंबर उघडाल तेव्हा बीमखालचा एक तुकडा चिमट्याने उचला. नव्या तुकड्याच्या कडांना चमक असते, तुटलेल्या पृष्ठभागावर बारीक स्फटिक लुकलुकतात. वापरलेल्या तुकड्यावर, बीम पडला तेवढ्या भागात, ती चमक मरून मऊसर, काळपट-करडी साय धरलेली दिसते. तो भाग पांढऱ्या कागदावर घासा. करडी रेघ उठली तर तो ग्राफाइट आहे. तुकडा फोडला तर साल किती खोल गेलीय तेही कळतं: वर काळा मॅट पदर आणि आत मूळ रंगाचा गाभा.

आता तुमच्या रनचा क्रम याच्याशी ताडून पाहा. साल जाड होत जाते तशी आतल्या सिलिकॉनला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि रेट, म्हणजे थर चढण्याचा वेग, पडतो. रेट टिकवायला कंट्रोलर पॉवर वाढवतो. पॉवर वाढली की ठिपका आणखी तापतो, आणि तापमान वाढतं तसा वाफेतल्या कार्बनवाल्या रेणूंचा वाटा वाढत जातो. म्हणजे जो रेट तुम्ही मॉनिटरवर (थराची जाडी मोजणाऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर) एकसारखा राखताय, तोच राखण्याच्या नादात थराची रचना सरकत जाते: सुरुवातीला सिलिकॉन जास्त, पुढे कार्बन जास्त. पॉवर हे या पदार्थासाठी रेटचं बटण आहे आणि रचनेचंही. ऑक्साइडांच्या कोटिंगवरून इकडे आलेल्या माणसाच्या हे सहसा लवकर लक्षात येत नाही, कारण तिथे वाफेत हरवलेला ऑक्सिजन चेंबरमध्ये वायू सोडून भरून काढता येतो. इथे हरवलेला कार्बन तसा सहज भरून निघत नाही.

पहिल्या रनचा पिवळसर-तपकिरी रंग मात्र वेगळ्या कारणाने येतो. सिलिकॉन कार्बाइडच्या प्रत्येक कणावर सिलिकाचा पातळ पदर असतो. कण जितका बारीक तितका त्याचा वाटा मोठा. तापल्यावर हा सिलिका खालच्या कार्बाइडशीच भिडतो आणि सिलिकॉन मोनॉक्साइड व कार्बन मोनॉक्साइड असे दोन वायू सुटतात. कार्बाइड स्वतः नीट उडायला लागण्याच्या आधीच हे घडतं. कार्बन मोनॉक्साइड पंपात जातो, पण सिलिकॉन मोनॉक्साइड समोर जो थंड पृष्ठभाग दिसेल त्यावर बसतो, आणि त्याचा थर नेमका पिवळसर-तपकिरी असतो. अपवर्तनांक २ च्या आसपास किंवा खाली आला तो बहुधा यामुळेच. पहिल्या तापवणीत दाबाचं गेज वर उडी मारतं आणि मग हळूहळू खाली येतं, ती उडी म्हणजे हाच वायू. ती पूर्ण ओसरेपर्यंत शटर (वाफ अडवणारी झडप) उघडायचं नाही.

आता मालाकडे वळू. इथे जरा रेंगाळतो, कारण खरेदीच्या वेळी विचारायचे प्रश्न नीट विचारले जात नाहीत.

लेबलवर '९९.५ टक्के' लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'मेटल बेसिस' असतं. त्याचा अर्थ असा की फक्त धातूंची अशुद्धी मोजली आहे. ऑक्सिजन, नायट्रोजन आणि सुटा कार्बन त्या हिशेबात धरलेलाच नाही. आपल्या कामात सगळ्यात जास्त नडतात त्या नेमक्या याच गोष्टी, आणि त्यांच्यासोबत सुटा सिलिकॉन. त्यामुळे पुरवठादाराकडे चार आकडे मागा: सुटा कार्बन, सुटा सिलिकॉन, ऑक्सिजन, आणि धातूंमध्ये लोह व ॲल्युमिनियम. सर्टिफिकेटवर हे नसेल तर ९९.९९९ ला फारसा अर्थ उरत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तुकडे बनले कसे. बाजारात 'सिलिकॉन कार्बाइड' या एकाच नावाखाली निरनिराळ्या जातीचा माल मिळतो आणि निर्वातात प्रत्येक जात वेगळी वागते.

सगळ्यात स्वस्त म्हणजे ॲचेसन भट्टीतला माल. ॲचेसनने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलेली ही पद्धत आजही चालते: वाळू आणि कोक यांच्या ढिगातून विजेचा प्रवाह नेऊन ढीग तापवायचा. यात काळा आणि हिरवा असे दोन प्रकार येतात. हिरवा जास्त शुद्ध. घासण्या-कापण्याच्या कामाला दोन्ही उत्तम. कोटिंगसाठी घ्यायचाच असेल तर हिरवा घ्या, पण लोह आणि ॲल्युमिनियमचे आकडे पाहिल्याशिवाय नको. ॲल्युमिनियम कार्बाइडच्या आधी उडतं आणि थराच्या तळाशी जाऊन बसतं.

दुसरा प्रकार रिॲक्शन बाँडेड. कार्बाइड आणि कार्बनच्या सच्छिद्र ठोकळ्यात वितळलेला सिलिकॉन मुरवून हा बनवतात. भोकं सिलिकॉनने भरली जातात, त्यामुळे ठोकळा घट्ट आणि देखणा दिसतो. पण त्यात सुटा सिलिकॉन वजनाने साधारण दहा टक्के आणि कधी त्याहून जास्त उरतो. सील आणि बेअरिंगच्या कामाला तो चालतो. ई-बीमखाली तो सिलिकॉन १,४१४ °से.ला वितळून तुकड्यांतून पाझरतो आणि कमी पॉवरवरच जोरात उडायला लागतो. मॉनिटरवर रेट झकास दिसतो आणि थर बनतो तो जवळजवळ अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या) सिलिकॉनचा. तुमचा ३ च्या वरचा अपवर्तनांक कमी पॉवरवर चाललेल्या रनमध्ये आला असेल तर पहिला संशय यावर घ्या. बाष्पीभवनासाठी हा प्रकार मी कुणालाही सुचवत नाही.

तिसरा प्रकार सिंटर्ड, म्हणजे पावडर दाबून-तापवून घट्ट केलेला. यातही दोन पोटजाती आहेत. एकात घट्टपणा यावा म्हणून थोडा बोरॉन आणि कार्बन घालतात, दुसऱ्यात ॲल्युमिना आणि यिट्रिया. दुसरा टाळा, त्यातला ऑक्साइडचा भाग तापल्यावर वायू सोडतो आणि ठिणग्या उडवतो. बोरॉनवाला चालतो, जर थर इलेक्ट्रॉनिक कामासाठी नसेल तर. अर्धवाहक म्हणून थर वापरायचा असेल तर बोरॉनचा अंशही नको, तो सिलिकॉनमध्ये आणि कार्बाइडमध्येही पी-प्रकारचं डोपिंग करतो.

चौथा रिक्रिस्टलाइझ्ड. हा सुमारे २,३०० °से.च्या वर नुसत्या तापमानाने कण जोडून बनतो, त्यात काही मिसळत नाहीत. सच्छिद्र असतो, म्हणून हवेतली ओल धरतो, पण आतून स्वच्छ असतो. नीट डीगॅस केला (तापवून आतला वायू काढून टाकला) तर ई-बीमसाठी खर्चाच्या मानाने हाच मला सगळ्यात समाधानकारक वाटतो. भोकांमुळे उष्णता एकदम तळाकडे पळत नाही, आणि तुकडा तडकून उडण्याचं प्रमाणही कमी राहतं.

पाचवा सीव्हीडी (वायूतून रासायनिक क्रियेने थर बसवण्याची पद्धत). मिथाइलट्रायक्लोरोसिलेनच्या वायूतून थरावर थर चढवून बनवलेला, पूर्ण घट्ट, शुद्धता ९९.९९९५ टक्क्यांच्या घरातली. महाग. ९९.९९९ चा माल म्हणून बहुधा हाच पुढे येतो. धातूंची अशुद्धी थरात अजिबात चालणार नसेल तर घ्या, नाहीतर हा पैसा चेंबरच्या निर्वातावर खर्च केलेला बरा. सिलिकॉन आधी आणि कार्बन मागे हा नियम अतिशुद्ध मालालाही तेवढाच लागू आहे.

आकाराबद्दल एवढंच: पावडर कधीच नको. बीम पडला की पावडर विद्युतभाराने आणि वायूच्या झोताने अक्षरशः उधळते, आणि थरावर बारीक दाणे बसतात. ३ ते ६ मिमी ठीक आहे. पाकिटाच्या तळाशी जमलेला चुरा चाळून टाका, तुकडे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिकला धुवा, ओव्हनमध्ये वाळवा आणि गरम असतानाच चेंबरमध्ये न्या.

क्रूसिबलचा प्रश्न सोपा आहे. पाण्याने थंड होणाऱ्या तांब्याच्या हार्थमध्ये (गनच्या बैठकीत) ग्राफाइटचा लाइनर, म्हणजे आत बसणारी वाटी, किंवा मिळत असेल तर ग्लासी कार्बनचा. कार्बाइड कार्बनच्या शेजारी सुखाने नांदतं, आणि लाइनरमुळे तेवढ्याच पॉवरमध्ये चार्ज (आत भरलेला माल) जास्त समान तापतो. मॉलिब्डेनम आणि टंग्स्टन नको, दोघांचीही सिलिसाइड आणि कार्बाइड बनतात आणि लाइनर ठिसूळ होऊन फुटतो. ॲल्युमिना तर अजिबात नको. या तापमानाला कार्बन त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि तुमच्या थरात ॲल्युमिनियम शिरतं. विजेच्या बोटीतून (प्रवाहाने तापणाऱ्या धातूच्या पन्हळीतून) बाष्पीभवनाचा विचारही करू नका.

बीम चालवताना मुख्य शत्रू म्हणजे एकाच जागी खड्डा पडणं. वितळणारा धातू आपोआप सपाट होतो, संप्लवन होणारा, म्हणजे घनातून थेट वाफ होणारा, पदार्थ होत नाही. बारीक ठिपका एका जागी ठेवलात तर काही मिनिटांत तिथे विहीर पडते, वाफ त्या विहिरीतून अरुंद झोतासारखी निघते, सबस्ट्रेटवर (थर घेणाऱ्या काचेवर किंवा वेफरवर) जाडी एकसारखी राहत नाही आणि शेवटी बीम लाइनरच्या तळाला लागतो. म्हणून ठिपका पसरट करा, दोन्ही दिशांना स्वीप द्या, आणि पॉकेट (हार्थमधला माल ठेवायचा खळगा) फिरवता येत असेल तर सावकाश फिरवत ठेवा. पॉवर चढवताना घाई नको. १०-१५ मिनिटं चढवण्यात गेली तरी चालतील. खिडकीतून पाहा: आधी तुकड्यांच्या कडा लाल होतात, मग नारिंगी, आणि थंड तुकड्यांवर बीम सरकला की त्यातला एखादा टुणकन हलतो. असा हलणारा तुकडा दिसला की पॉवर आहे तिथेच थांबवा आणि सगळे तुकडे एकाच रंगाचे होऊ द्या. शुद्ध सिलिकॉन कार्बाइड थंड असताना विजेला विरोध करतं आणि त्यावर भार साचतो; तापल्यावर ते वीज वाहून नेऊ लागतं आणि उडणं आपोआप कमी होतं.

रेट कमी ठेवा, सेकंदाला ०.१ ते ०.२ नॅनोमीटर. आणि इथेच दुसरी अडचण उभी राहते: कमी रेटला चेंबरमधला उरलेला वायू डोईजड होतो. दाब दहाचा उणे ६ घात टॉर असेल तर प्रत्येक पृष्ठभागावर सेकंदाला साधारण एक अणुपदर भरेल इतके वायूचे रेणू आपटतात. तुमचा थरही जवळपास त्याच गतीने वाढतोय. आपटलेला प्रत्येक रेणू चिकटत नाही, पण ताजा सिलिकॉन पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन चटकन पकडतो. म्हणून उणे ६ च्या रेंजवर समाधान मानू नका. चार्जवर बीम टाकण्याआधी चेंबर तापवून घ्या, उणे ७ ची रेंज गाठा, कोल्ड ट्रॅप (वाफ गोठवून पकडणारा अतिथंड पृष्ठभाग) असेल तर भरा. दुसऱ्या पॉकेटमध्ये टायटॅनियम ठेवून शटर बंद असताना ते काही मिनिटं उडवलं तर भिंतींवर बसलेलं ताजं टायटॅनियम ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ शोषून घेतं. खर्च नगण्य आणि फरक स्पष्ट, त्यामुळे हा उपाय मी सगळ्यांना आवर्जून सांगतो.

क्वार्ट्झ मॉनिटरच्या सेटिंगबद्दल. घनता ३.२१ घाला. झेड रेशो (थराचा पदार्थ क्वार्ट्झपेक्षा किती कडक आणि जड आहे ते सांगणारा सुधारणा-आकडा) बऱ्याच तक्त्यांत माहिती नसल्यामुळे १.०० दिलेला असतो. घट्ट कार्बाइडचा शिअर मॉड्युलस (कातर-ताठरता) १९० गिगापास्कलच्या आसपास धरून गणित केलं तर तो ०.३६ च्या जवळ येतो. अमॉर्फस थर त्यापेक्षा मऊ असतो, म्हणून खरी किंमत याच्या वर कुठेतरी असणार. नवा क्रिस्टल आणि २०० नॅनोमीटरचा थर असेल तर या फरकाने फार बिघडत नाही. जुन्या, जड झालेल्या क्रिस्टलवर मात्र बिघडतं. प्रत्येक नव्या चार्जला एका वेफरवर पायरी ठेवून प्रोफाइलोमीटरने (पायरीची उंची मोजणाऱ्या यंत्राने) जाडी मोजा आणि टूलिंग फॅक्टर, म्हणजे मॉनिटरवरची जाडी आणि खरी जाडी यांचं गुणोत्तर, त्यावरून बसवा.

थर आला, आता तो काय आहे हे कसं ओळखायचं? फार महागड्या यंत्रांशिवायही बरंच कळतं.

पहिलं स्पेक्ट्रोमीटर. दृश्य प्रकाशात तपकिरी, पण १ मायक्रोमीटरच्या पलीकडे थर जवळजवळ पारदर्शक होत असेल आणि अपवर्तनांक ३ च्या वर असेल, तर सिलिकॉन जास्त आहे. शोषण अवरक्तातही तसंच रेंगाळत असेल, थर करडा-काळा दिसत असेल, तर सुटा कार्बन आहे. अपवर्तनांक २ च्या खाली आणि रंग फिका, तर ऑक्सिजन शिरलाय.

दुसरं एफटीआयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाचं शोषण मोजणारी चाचणी, वेफरवरच्या नमुन्यावर. सिलिकॉन-कार्बन बंधाचं शोषण ८०० प्रति सेंटीमीटरच्या जरा खाली दिसतं, सिलिकॉन-ऑक्सिजनचं १,०५० च्या आसपास. पहिल्या शिखराच्या बाजूला दुसरं डोकं वर काढत असेल तर आधी निर्वात सुधारा, माल मागाहून बदला.

तिसरं, सगळ्यात साधं: गरम पोटॅशियम हायड्रॉक्साइड. वेफरवरचाच एक तुकडा ८० °से.च्या ३० टक्के द्रावणात धरा. सिलिकॉन त्यात मिनिटाला सुमारे एक मायक्रोमीटर या गतीने विरघळतो, चांगलं कार्बाइड जवळजवळ हलत नाही. दोन-तीन मिनिटांत थर नाहीसा झाला तर त्याला सिलिकॉन कार्बाइड म्हणण्यात अर्थ नाही. फक्त वेफरची मागची बाजू आणि कडा झाका, नाहीतर खालचा सिलिकॉन खाल्ला जाऊन थर तरंगत सुटेल आणि निष्कर्ष चुकेल. डोळ्यांवर गॉगल आणि हातात मोजे हवेतच.

ईडीएसच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या क्ष-किरण तपासणीच्या) कार्बनच्या आकड्यावर विसंबू नका. हलकं मूलद्रव्य, वर चेंबरमधला तेलाचा अंश, असा तो आकडा भलतीकडेच नेतो. प्रमाण खरोखर हवं असेल तर एक्सपीएस (क्ष-किरणांनी सुटलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणारी चाचणी) किंवा आरबीएस (आयन परत उसळण्यावरून रचना काढणारी चाचणी) करून घ्या. एक्सपीएसमध्ये कार्बाइडमधला कार्बन २८३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आणि ग्राफाइटसारखा कार्बन २८४.५ ला दिसतो, त्यामुळे बांधलेला किती आणि सुटा किती हे वेगळं काढता येतं.

आता खरा प्रश्न: हे सगळं करावं का? थर कशासाठी हवा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

दृश्य प्रकाशासाठी जास्त अपवर्तनांकाचा स्वच्छ थर हवा असेल तर सिलिकॉन कार्बाइड सोडून द्या. स्फटिकाचा अपवर्तनांक २.६५ आहे हे वाचून लोक मोहात पडतात, पण कमी तापमानाला बसलेला अमॉर्फस थर स्फटिकासारखा पारदर्शक नसतो. टायटॅनियम, टँटलम किंवा नायोबियमचे ऑक्साइड हे काम कितीतरी कमी त्रासात करतात. अवरक्तात ३ ते ५ मायक्रोमीटरला ते चालू शकतं, ८ ते १२ च्या पट्ट्यात मात्र जपून, कारण कार्बाइडचं स्वतःचं तीव्र शोषण १२.५ मायक्रोमीटरच्या आसपास आहे आणि त्याची सावली अलीकडेही पडते.

जिथे सिलिकॉन कार्बाइडला पर्याय कमी, अशी जागा म्हणजे दूरच्या अतिनील प्रकाशाचे आरसे. १९९९ मध्ये सोडलेल्या फ्यूज या अवकाश दुर्बिणीच्या चार वाहिन्यांपैकी दोन सिलिकॉन कार्बाइडच्या कोटिंगच्या होत्या, साधारण ९० ते ११० नॅनोमीटरसाठी. उरलेल्या दोन ॲल्युमिनियमवर लिथियम फ्लोराइडच्या. लिथियम फ्लोराइड १०५ नॅनोमीटरच्या खाली अपारदर्शक होत जातं, म्हणून त्यापलीकडे कार्बाइड लागलं. पण ते कोटिंग साध्या बाष्पीभवनाने दिलेलं नव्हतं, आयन बीम स्पटरिंगने दिलेलं होतं, म्हणजे आयनांच्या माऱ्याने टार्गेट नावाच्या ठोकळ्यातले अणू उडवून.

घर्षण, रसायनं, ओल यांपासून बचाव किंवा मायक्रोमशीनिंगचा मास्क हवा असेल तर घट्ट आणि बरोबर प्रमाणाचा थर लागतो, आणि तिथे मी सरळ मॅग्नेट्रॉन स्पटरिंग (चुंबकाच्या मदतीने टिकवलेल्या प्लाझ्मातले आयन वापरणारं) सांगेन. टार्गेटमधूनही सुरुवातीला एक मूलद्रव्य जास्त निघतं, पण बदललेला पदर काही नॅनोमीटरचाच असतो आणि आयन त्यालाही खरवडत राहतात. थोड्या वेळात पृष्ठभाग अशा स्थितीला येतो की जितक्या प्रमाणात घटक टार्गेटमध्ये आहेत तितक्याच प्रमाणात ते बाहेर पडतात. क्रूसिबलमधल्या कार्बनच्या सालीला खरवडणारं कुणी नसतं, सगळा फरक इतकाच. टार्गेट कमी रोधाचं असेल तर पल्स्ड डीसीवर (स्पंदांच्या एकदिश विजेवर) चालतं, नाहीतर आरएफ (रेडिओ वारंवारतेची वीज) लावा. आधी १५-२० मिनिटं शटर बंद ठेवून प्री-स्पटर करा आणि पॉवर हळू चढवा, सिरॅमिक टार्गेट उष्णतेच्या धक्क्याने तडकतं.

तुमच्याकडे फक्त ई-बीमच असेल आणि गन दोन असतील, तर कार्बाइडचे तुकडे बाजूला ठेवून सिलिकॉन आणि ग्राफाइट वेगवेगळे उडवा. हा मार्ग मला तुकड्यांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, कारण प्रमाण तुमच्या हातात राहतं. हिशेब असा: सिलिकॉनचा अणुभार २८.०९ आणि मॉनिटरमधली घनता २.३३, कार्बनचा १२.०१ आणि २.२५. एकास एक अणू यायला सिलिकॉनच्या प्रत्येक १ नॅनोमीटरमागे कार्बनचे ०.४४ नॅनोमीटर लागतात, आणि दोन्ही मिळून पूर्ण घनतेचा १.०४ नॅनोमीटर कार्बाइड बनतो. म्हणजे सिलिकॉन सेकंदाला ०.२० लावला तर कार्बन ०.०९ वर धरा. दोन सोर्सना दोन स्वतंत्र क्रिस्टल हवेत आणि मधे पत्र्याची आड हवी, एकाची वाफ दुसऱ्याच्या क्रिस्टलवर जाता कामा नये. सबस्ट्रेट ४०० °से.च्या पुढे तापवता आला तर उत्तम. थंड सबस्ट्रेटवर दोन्ही अणू शेजारी बसतात पण सगळेच बंध जुळत नाहीत, आणि अवरक्तातलं सिलिकॉन-कार्बनचं शिखर रुंद आणि बुटकं येतं. मात्र तुमची काच साधी बोरोसिलिकेट क्राउन असेल तर तिचा प्रसरणांक अंशाला ७ दशलक्षांशांच्या आसपास आणि कार्बाइडचा सुमारे ४ आहे, त्यामुळे थंड होताना थर दाबला जातो. कडेपासून सोलणं दिसलं तर काचेला ३०० वर थांबवा आणि वेफरसाठी वेगळा रन घ्या. सिलिकॉनचा चार्ज रन संपल्यावर एकदम बंद करू नका. गोठताना तो सुमारे दहा टक्के फुगतो आणि ग्राफाइटचा लाइनर फोडतो. पॉवर काही मिनिटांत टप्प्याटप्प्याने उतरवा.

आणि तुकडेच वापरायचे ठरलं, तर प्रत्येक रनला क्रूसिबलमधले वरचे तुकडे बदला. काळी साल धरलेले तुकडे पुन्हा वापरायचे नाहीत, खालचे वर आणि नवे मध्ये असं करायचं नाही. २०० नॅनोमीटरला लागणारा माल अगदी थोडा असतो, त्यामुळे मूठभर तुकडे दर वेळी टाकून दिले तरी एका वाया गेलेल्या रनपेक्षा ते स्वस्तच पडतात.